गंज उतरवताना: एक रंधा, तीन पटाश्या, एक करवत

पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला हा ढीग: पाच नंबरचा लोखंडी जॅक रंधा (मध्यम लांबीचा, सर्वसाधारण कामाचा), अर्धा, पाऊण आणि एक इंचाच्या तीन पटाश्या, एक हातकरवत, एक चपटी कानस आणि एक कोयता. सगळ्यांना गंज धरलेला, पण एकाच जातीचा नाही. म्हणून सगळं एकाच बादलीत टाकून मोकळं होता येत नाही. पहिला तासभर मी फक्त बघण्यात घालवला.

डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं घासलं की बोटाला लागणारा भगवा थर निघतो. तो अगदी वरवरचा. त्याखाली कधीकधी काळपट, गुळगुळीत, घट्ट थर असतो. तोही लोखंडाचाच ऑक्साइड, पण तो पापुद्रे धरत नाही आणि खालच्या धातूला थोडंफार संरक्षण देतो. जुन्या हत्याराचं रूप त्या काळपटपणात असतं, आणि मी तो जिथे शक्य आहे तिथे ठेवतो. तिसरी जात पापुद्र्यांची: ब्लेडचं पातं आडवं धरून खरवडलं की खपल्या उडतात. खपली उडाली की घाबरायचं कारण नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे जाड दिसणाऱ्या थराखाली गेलेला धातू बराच कमी असतो.

खरी भीती खड्ड्यांची, आणि तीही जागेवर अवलंबून. रंध्याच्या अंगावर, पटाशीच्या गळ्याशी, कोयत्याच्या पाठीला खड्डे असले तर बिघडत नाही. पण पटाशीच्या सपाट पाठीवर, धारेपासून पहिल्या काही मिलिमीटरमध्ये खोल खड्डा असला की धार तिथे नेहमी दातेरी राहणार, कारण धार म्हणजे दोन पृष्ठभाग जिथे भेटतात ती रेघ, आणि त्यातला एक पृष्ठभाग फुटका आहे. अशा वेळी खड्डा संपेपर्यंत टोकाकडून पातं मागे घासत न्यावं लागतं. अर्ध्या इंचाच्या पटाशीला हेच करावं लागलं, जवळजवळ चार मिलिमीटर. विकत घेतानाच पाठ अंगठ्याने पुसून बघावी, सौदा तिथेच ठरतो.

सगळं खोलणं हा दुसरा टप्पा. रंध्याचं पातं, त्यावर स्क्रूने बसवलेला चिपब्रेकर (लाकडाची साल मोडणारी पट्टी), फ्रॉग (पातं ज्यावर टेकतं तो तिरपा ठोकळा), पातं खालीवर करायची पितळी चक्री, पुढची गोल मूठ आणि मागची मूठ, सगळं वेगळं केलं. चिकटलेल्या स्क्रूवर जोर करण्याआधी डिझेल सोडून रात्रभर ठेवावं, आणि डोक्यावर हलक्या हातोडीचे दोनचार ठोके द्यावेत. आट्यांमधला गंज ठोक्याने फुटतो. स्क्रूड्रायव्हर खाचेत पूर्ण भरणारा हवा. पातळ टोकाचा घातला तर खाचेच्या कडा उडतात आणि मग तो स्क्रू काढायला ड्रिलच लागतं. स्टॅन्ली या कंपनीच्या धाटणीच्या रंध्यांत मुठींच्या बोल्टचे आटे ७/३२ इंच व्यासाचे आणि इंचाला २० असे असतात. हे माप नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाही, त्यामुळे तिथला नट मोडला तर तो शोधण्यात आठवडे जातात. मागच्या मुठीचा पितळी नट फिरत नव्हता. मी त्यावर सोल्डरिंग आयर्नचं टोक पाच मिनिटं टेकवून ठेवलं, मग तो सुटला. ओतीव लोखंडाच्या अंगावर गॅसची ज्योत धरू नये. एका जागी तापून ते तडकतं.

सुटे भाग लगेच भांड्याच्या साबणाच्या गरम पाण्याने धुतले. ही पायरी बहुतेकजण टाळतात आणि मग द्रावण काम करत नाही म्हणून कुरकुरतात. जुन्या तेलाचा पातळ थर राहिला की द्रावण गंजापर्यंत पोचतच नाही, आणि पृष्ठभागावर ठिपके ठिपके उरतात.

आता द्रावण. लिंबूसत्व, म्हणजे किराणा दुकानात मिळणारं सायट्रिक ॲसिड, नुसतं पाण्यात घालून वापरलं तर ते गंजाबरोबर लोखंडही खातं. त्यात खायचा सोडा घातला की आम्लपणा उतरतो आणि सायट्रेट तयार होतं. हे सायट्रेट गंजातल्या लोखंडाला पकडून पाण्यात ओढून घेतं, पण शाबूत लोखंडाला बरंच कमी छेडतं. माझं प्रमाण: १ लिटर पाण्याला १०० ग्रॅम लिंबूसत्व आणि ८४ ग्रॅम खायचा सोडा, वर भांड्याच्या साबणाचे दोनचार थेंब. तीन पटाश्या आणि रंध्याच्या सुट्या भागांसाठी २ लिटर पुरलं. सोडा एकदम ओतायचा नाही. त्यातून कार्बन डायऑक्साइडचा फेस उसळतो, दोन लिटरचं मिश्रण पाच लिटरच्या बादलीतही काठावर येतं. चमच्याचमच्याने, फेस बसेपर्यंत थांबत. धुण्याचा सोडाही चालतो, पण दुकानागणिक त्यात पाण्याचा अंश कमीजास्त असतो आणि वजन चुकतं, म्हणून मी खायचा सोडा घेतो.

पितळी चक्री आणि नट या बादलीत घालायचे नाहीत. आम्लात पितळेतलं जस्त निघून जातं आणि वर तांबूस, गुलाबी रंग येतो. पितळाला चिंच पुरते. क्रोम चढवलेले पानेही इथे घालत नाही, कारण द्रावण मुलाम्याच्या कडेतून आत शिरतं आणि मुलामा सालीसारखा सुटतो.

पटाशी पूर्ण बुडली पाहिजे, नाहीतर मुळीच बुडवू नये. अर्धी बाहेर ठेवली की पाण्याच्या पातळीवर एक खोल रेघ पडते. ती नंतर कितीही घासली तरी पूर्ण जात नाही. लाकडी मुठी निघत असतील तर काढाव्यात. एक इंचाच्या पटाशीची मूठ निघाली नाही, म्हणून तिचं पातं द्रावणात भिजवलेल्या कापडात गुंडाळून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. वेळ थोडा जास्त लागला, काम तेवढंच झालं.

दर दोन तासांनी बाहेर काढून नायलॉनच्या घासणीने पुसायचं. घासणीवर काळा गाळ येतो. तो गंज नव्हे, निसटलेला कार्बन आणि ऑक्साइडचा चुरा. तो पुसला की द्रावणाला पुन्हा वाट मिळते. द्रावण हळूहळू पिवळसर हिरवं होतं. पटाश्या सुमारे सात तासांत स्वच्छ झाल्या. गंज संपल्यावरही बारीक बुडबुडे येतच राहिले तर ते हायड्रोजनचे बुडबुडे आहेत, म्हणजे द्रावण आता लोखंड खातंय. तेव्हा हत्यार काढायचंच. रात्रभर विसरून ठेवू नये.

पाऊण इंचाची पटाशी बाहेर काढून पुसली तेव्हा पात्यावर एक गोष्ट दिसली. टोकापासून साधारण दीड इंचावर एक तिरपी, धूसर रेघ, तिच्या खालचा भाग जास्त काळा, वरचा फिकट राखाडी. ही पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून झटकन थंड करत कडक केलेल्या भागाची हद्द. कडक पोलाद आम्लात वेगळ्या रंगाने उठतं. याचा अर्थ या पटाशीला धार धरण्याजोगा अजून दीड इंच भाग शिल्लक आहे. ही माहिती कुठल्याही शिक्क्यापेक्षा उपयोगी.

आता घाई. कच्चं, उघडं लोखंड हवेला लागताच भगवं पडायला लागतं, पावसाळी दिवसात तर दहा मिनिटांत. लोक या टप्प्यावर फडक्याने पुसून उन्हात ठेवतात, आणि संध्याकाळी पाहतात तर नवा गंज. माझा क्रम असा: आधी वाहत्या पाण्यात धुणं, मग एका लिटरला एक चमचा खायचा सोडा घातलेल्या पाण्यात मिनिटभर बुडवणं, म्हणजे उरलेला आम्लपणा जातो, आणि मग थेट उकळत्या पाण्यात दोनतीन मिनिटं. तापलेलं लोखंड बाहेर काढलं की पाणी स्वतःच उडून जातं, आट्यांतलं, सांध्यांतलंसुद्धा. गरम असतानाच मशीन ऑइलचं फडकं फिरवायचं. थंड लोखंडाला लावलेलं तेल वर तरंगतं, गरम लोखंडाला लावलेलं सांदीकोपऱ्यात उतरतं. पाणी उकळायला आधीच ठेवावं. द्रावणातून काढल्यावर गॅस पेटवायला गेलो तर उशीर झालेला असतो.

रंध्याच्या अंगासाठी वेगळा मार्ग घेतला. त्याचा मूळचा काळा लेप अर्ध्याहून जास्त उडाला होता आणि नव्याने रंगवायचाच होता, म्हणून विजेवर टाकला. लेप शाबूत असता तर सोड्याच्या पाण्यात वीज सोडली नसती, कारण तो त्यात सुटतो. लांबट प्लॅस्टिकचा टब, १५ लिटर पाणी, ७५ ग्रॅम धुण्याचा सोडा. बाजूंना बांधकामाच्या सळईचे चार तुकडे, तांब्याच्या तारेने एकमेकांना जोडलेले, रंध्यापासून पाचसहा सेंटिमीटर दूर, कुठेही न टेकणारे. १२ व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर. लाल चिमटा सळयांना, काळा रंध्याला. हे उलटं झालं तर सळया स्वच्छ होतील आणि रंधा खाल्ला जाईल, म्हणून चालू करण्याआधी दोनदा बघावं. चिमटे पाण्याच्या वर. नवे स्वयंचलित चार्जर समोर बॅटरी नाही असं समजून सुरूच होत नाहीत, त्यासाठी जुना ट्रान्सफॉर्मरवाला शोधावा.

दोन गोष्टी कधीच करू नयेत. पाण्यात मीठ घालू नये, क्लोरीन वायू निघतो. आणि सळईच्या जागी स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा पत्रा लावू नये. त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. साधं लोखंडच वापरावं. वर येणारे बुडबुडे हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे, म्हणून टब गच्चीवर किंवा उघड्या खिडकीपाशी, आणि जवळ काडी पेटवू नये. हात घालायचा तर आधी चार्जर बंद.

विजेला सरळ रेषेची सवय आहे. सळईसमोरची बाजू लवकर स्वच्छ होते, आडोशातली राहते. त्यामुळे मधे रंधा फिरवला. सळयांवर तपकिरी चिखल जमतो आणि प्रवाह उतरतो, तो दर दोनतीन तासांनी खरवडून काढावा. तीन अँपिअरवर दहा तास गेले. बाहेर काढल्यावर सगळं काळं होतं. तारेच्या ब्रशने तो काळा थर पिठासारखा निघाला आणि खाली राखाडी ओतीव लोखंड. मग तेच उकळतं पाणी, तेच तेल. रंगवायच्या भागाला मात्र तेल लावलं नाही, तो उन्हात तापवून टर्पेंटाइनने पुसला आणि त्याच दिवशी प्रायमर मारला. प्रायमरनंतर काळ्या इनॅमलचे दोन पातळ हात, मधे एक दिवस. फ्रॉग जिथे बसतो त्या चार घडीव जागा, बूड आणि बाजू चिकटपट्टीने झाकल्या. तिथे रंग बसला तर फ्रॉग डळमळतो आणि पातं थरथरतं.

संडास साफ करायच्या ॲसिडाबद्दल सांगतो, कारण ते सगळीकडे सुचवलं जातं. गंज दहा मिनिटांत निघतो, हे खरं. पण त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड खड्ड्यांत क्लोराइड सोडून जातं, तिथून आठवड्यात पुन्हा गंज फुटतो, आणि त्याच्या वाफेने त्याच खोलीतल्या चांगल्या हत्यारांनाही तांबडं पडतं. कोकणपट्टीत खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या हत्याराची मूळ अडचणही क्लोराइडचीच. गंज काढल्यावर ते दोनतीन वेळा ताज्या पाण्यात उकळून घ्यावं, नाहीतर तेल लावूनही आतून भगवं उमटतं.

करवत कुठल्याच बादलीत घातली नाही. कडक, पातळ पोलादात आम्लामुळे किंवा विजेमुळे हायड्रोजन शिरू शकतो आणि पातं ठिसूळ होऊन दात वाकवताना मोडतात. शिवाय मुठीजवळ कारखान्याचं कोरीव चिन्ह असतं, ते आम्लात जातं. मूठ काढली, पातं सपाट फळीवर ठेवलं, लाकडी ठोकळ्याला २२० चा वॉटर पेपर (ओला घासायचा घासकागद, आकडा जितका मोठा तितका बारीक) गुंडाळला, डिझेल सोडलं आणि लांबीच्या दिशेनेच घासत गेलो. मग ३२०, मग ४००. ठोकळा कडक हवा, बोटांनी घासू नये. बोट खळग्यात शिरतं आणि कोरलेली अक्षरं पुसतं. कडक ठोकळा फक्त वरच्या पातळीवर चालतो, अक्षरांतला काळेपणा तसाच राहतो. इथे तसंच झालं: भगवा थर उतरता उतरता आधी एक वर्तुळ, मग त्यातली अक्षरं काळी उठून आली. तिथेच थांबलो, त्या भागावर ४०० फिरवला नाही.

कानस पांढऱ्या व्हिनेगरमध्ये. चार टक्क्यांचं साधं व्हिनेगर, आडव्या ट्रेमध्ये, चौदा तास. इथे आम्ल लोखंड थोडं खातं हेच हवं असतं, कारण दात किंचित कोरले जाऊन पुन्हा चावायला लागतात. मग पितळी तारेच्या ब्रशने दातांच्या खाचांच्या दिशेने, आडवं नाही. सोड्याचं पाणी, उकळतं पाणी. कानशीला तेल लावत नाही, तेलाने भुसा चिकटतो. खडू घासून ठेवली. दात पूर्ण गोल झालेली कानस मात्र व्हिनेगरने जिवंत होत नाही.

धार लावण्याचं काम सर्वांत लांबलं. आठ मिलिमीटर जाडीच्या काचेवर वॉटर पेपर पाण्याने चिकटवला आणि पटाशीची पाठ १२०, २२०, ४००, ८०० आणि १००० वर घासली. पूर्ण पाठ आरसा करायची गरज नाही, धारेकडचा इंचभर भाग सपाट आणि चकचकीत झाला की बस. मग उतार २५ अंशाचा आणि टोकाला ३० अंशाची बारीक पट्टी. मागे घासलेल्या अर्ध्या इंचाच्या पटाशीला विजेच्या चाकावर उतार काढताना दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवलं. कडा निळी पडली की तिथलं पाणी उतरलं, तो भाग पुन्हा घासून टाकण्याशिवाय उपाय नाही.

रंध्याचं बूड सपाट करताना पातं आणि फ्रॉग बसवलेलेच ठेवावेत, पातं आत ओढून, पातं दाबून धरणारी कळ नेहमीइतकी घट्ट. त्या ताणाने अंग किंचित वाकतं, आणि सपाटी त्याच अवस्थेत हवी. बुडावर मार्करने आडव्या रेघा ओढल्या, १२० च्या कागदावर दहा वेळा ओढलं आणि पाहिलं. पुढचं टोक, पातं जिथून बाहेर येतं त्या तोंडाच्या लगेच पुढची पट्टी आणि मागचं टोक या तीन जागांच्या रेघा पुसल्या गेल्या की पुरे. मधला एखादा खळगा कामात आडवा येत नाही.

मुठींना पाणी लावलं नाही. टर्पेंटाइन आणि बारीक स्टील वूलने जुना मळ काढला, शिसवीच्या रेघा दिसू लागल्या. मग डबल बॉइल्ड अळशीचं तेल, पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून, पुढचे दोन तसेच, प्रत्येकी एक दिवसाच्या अंतराने. लावल्यावर पंधरा मिनिटांनी उरलेलं तेल पुसून टाकायचं, नाहीतर मूठ महिनाभर चिकट राहते. हे पुसलेलं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. अळशीचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेतं. ते पसरून वाळवावं किंवा पाण्यात बुडवून टाकावं.

कोयत्याला सायट्रेट वाया घालवायचं नव्हतं. मोकळा गंज तारेच्या ब्रशने काढला आणि उरलेल्या घट्ट थरावर हिरड्याचा काढा मारला. १०० ग्रॅम कुटलेला हिरडा, १ लिटर पाणी, स्टीलच्या पातेल्यात निम्मं होईपर्यंत उकळून गाळलेलं. लोखंडाच्या कढईत उकळलं तर कढईच काढा खाऊन काळी पडते. हिरड्यातलं टॅनिन गंजाशी बांधलं जातं आणि निळसर काळा, घट्ट थर बनतो, हिराकस (लोखंडाचा क्षार) आणि हिरड्याच्या जुन्या शाईत व्हायचं तेच. ब्रशने मारताच तांबडा रंग डोळ्यांदेखत जांभळट होत गेला, तासाभरात काळा. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, मग अळशीचं तेल. चकचकीत उघड्या लोखंडावर किंवा खपल्यांवर मात्र हा काढा काम करत नाही, त्याला पातळ, चिकटून बसलेला गंजच लागतो. धार शेवटी कुरुंदाच्या दगडावर.

पातं, पटाश्या आणि करवतीला शेवटचा हात मेणाचा: एक भाग मधमाशीचं मेण, तीन भाग टर्पेंटाइन, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवून, उघड्या ज्योतीवर नाही. तेल लाकडाला डाग पाडतं, मेण पाडत नाही. चामड्याच्या म्यानात आणि वर्तमानपत्रात हत्यारं गुंडाळत नाही, दोन्ही ओल धरतात.

पंधरा दिवसांनी, पाऊस सुरू असताना, सगळं पुन्हा उघडलं. पटाश्या आणि करवत स्वच्छ. रंध्यात चिपब्रेकर आणि पातं यांच्या मधे, जिथे दोन धातू टेकतात तिथे, मोहरीएवढे दोन भगवे ठिपके. तिथे मेण पोचलं नव्हतं. पातं सोडवलं, ठिपके ४०० च्या कागदाने काढले, दोन्ही पाठी वेगवेगळ्या मेणाने पुसल्या आणि पुन्हा बसवलं.